दाजी, त्या तळ्यात मासे आहेत

आज सकाळी माझे दाजी गेले. आणि गेल्या आठवड्यात मी त्यांना फसवलं होतं.

दुसरी गोष्ट मला कुणालाच सांगायची नव्हती. पण आता नाही सांगितली तर मी फुटेन.

पावणेआठला ताईचा फोन. "विकास, अरे हे उठत नाहीयेत. चहा गार झाला."

एवढंच.

इंदिरानगरहून गंगापूर रोडला पोचेपर्यंत मी गाडीत स्वतःलाच समजावत होतो, शुगर लो झाली असेल. डॉक्टर दारातच भेटले. त्यांनी नुसती मान हलवली.

"मान काय हलवताय, इंजेक्शन द्या ना!" ओरडलो मी त्यांच्यावर. त्या बिचाऱ्याचा काय दोष.

बावन्न वय. हे काय जायचं वय आहे?

हायस्कूलला गणित शिकवायचे. ना दारू, ना तंबाखू. व्यसन एकच, गळ टाकून बसायचं.

मूळ नांदगावचे. लहानपण टँकरच्या मागे हंडा घेऊन पळण्यात गेलेलं. त्यामुळे भरलेलं पाणी दिसलं की हा माणूस तिथून हलायचाच नाही.

दर मे महिन्यात आमची दोन्ही घरं मिळून ट्रिपला जातात. जागा दाजी ठरवणार. लोक हॉटेलवाल्याला विचारतात, एसी आहे का, ब्रेकफास्ट मिळतो का. आमचे दाजी विचारायचे, "मे महिन्यात पाणी कितपत उतरतं? काठाला गाळ आहे की खडक? गावातले लोक गळ टाकतात की जाळं?"

जाळं म्हटलं की फोन बंद.

"जाळं टाकतात तिथे मोठा मासा उरत नाही हो मेहुणे." हे मला दरवर्षी नव्याने सांगायचे.

सगळी उत्तरं मनासारखी आली की एक रविवार स्वतः जाऊन गळ टाकून बघायचे. मासा लागला तरच बुकिंग!

आणि बाकीच्यांनी तिथे चार दिवस काय करायचं?

बसायचं. मोठ्याने बोलायचं नाही, मासे पळतात.

गेल्या वर्षी माझी बायको म्हणाली, "ही सुट्टी आहे का वॉचमनची ड्युटी?" पोरं तर रडकुंडीला आली होती. त्यांना स्विमिंग पूल पाहिजे, स्लाइड पाहिजे. पण दाजींना तोंडावर सांगणार कोण? घरचे जावई. आईने शिकवलंय, जावयाला नाही म्हणायचं नाही.

यंदा त्यांनी इगतपुरीच्या पुढचा एक होमस्टे शोधला. समोरच तळं. ग्रुपवर फोटो आणि खाली, "रोहू आहेत म्हणे!!"

माझं डोकंच सटकलं.

मी गुपचूप त्या मालकाला फोन लावला. "आमच्या दाजींचा फोन येईल. तळ्यात मासे नाहीत म्हणून सांगा."

तो म्हणाला, "अहो साहेब, हातभर रोहू निघत्यात. खोटं कशाला बोलू?"

मी गाजर दाखवलं. दिवाळीत ऑफिसची पार्टी तुमच्याकडेच आणतो म्हटलं. झाला तयार.

संध्याकाळी ग्रुपवर दाजींचा मेसेज, "मासे नाहीत म्हणतो मालक. मेहुणे, तुमचं ते पूलवालं रिसॉर्ट बघा."

पोरं नाचली. लपवत नाही, मी पण नाचलो.

येत्या शनिवारी निघायचं होतं हो. बॅगा भरून झाल्यात.

दुपारी त्यांना स्मशानात घेऊन गेलो. सगळ्यांबरोबर त्रिसरण म्हटलं, बुद्धं सरणं गच्छामि.

नातेवाइकांना कळवायला म्हणून ताईने दाजींचा मोबाईल माझ्याकडे दिला होता. साडेचारला तो वाजला. स्क्रीनवर नाव, "इगतपुरी होमस्टे".

"सर, रविवारी तुमचा गळाचा डबा इथंच राहिला. कुणासंगं पाठवू?"

मी म्हटलं, "मी विकास. दाजी आज सकाळी गेले."

तो म्हणाला, "काय बोलता साहेब! या रविवारी तर तीन तास बसले होते इथं. म्हणाले, पाणी आहे, बगळे आहेत, आणि मासे नाहीत असं कसं होईल? दोन रोहू काढले. मग मला धरलं, खोटं का बोललात म्हणून. सरांपुढं लय लाजलो मी. तुमचं नाव सांगून टाकलं."

मी विचारलं, "चिडले का?"

"नाय हो. लय हसले. म्हणाले, मला कळलंय हे मेहुण्यांना सांगू नका. पोरांना पोहायचं असेल. चूक माझीच आहे, मी त्यांना कधी विचारलंच नाही."

मी तिथेच जिन्यात बसलो.

कारण सोमवारी मी त्यांच्याकडे चहाला गेलो होतो. सोमवारी! मीच विषय काढला होता, वर साळसूदपणे. "वाईट वाटलं दाजी, मासे नाहीत म्हणून."

बिस्किट बुडवत म्हणाले, "असू द्या हो. मासे पण सुट्टीवर गेले असतील."

चेहरा एकदम सरळ. मला वाटलं, आपण जिंकलो.

मघाशी ताईला सगळं सांगितलं. मला वाटलं, ही मला घराबाहेर काढेल. ती म्हणाली, "काल बाजारातून पोहायची चड्डी घेऊन आले. बॅगेत ठेवलीय. मी म्हटलं, अहो, तुम्हाला पोहता कुठे येतं? तर म्हणाले, पोरं शिकवतील."

अहो दाजी, सोमवारी एक शिवी तरी हासडायची होती. वर्गातल्या पोरांचे कान पिळायचात, माझाही पिळायचा. मी तिथल्या तिथे सगळं कबूल केलं असतं.

तुम्ही मला माफ केलंत आणि सांगितलं नाहीत. आता मी काय करू?

शेवटचा जयभीम, दाजी.

तुमचा खोटारडा मेहुणा