शेवटच्या सायकलीच्या मागे

तिला सगळे शेपूट म्हणत. नाव वडिलांनीच ठेवलेलं, कारण मोठी बहीण जाईल तिकडे ही मागून जायची. वडील सायकली दुरुस्त करायचे. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली, त्यामुळे दोघी बहिणी ग्रीसच्या वासात वाढल्या आणि जेवायला बसण्याआधी हात रॉकेलने धुवायचे असतात, हीच त्यांना जगाची रीत वाटायची. ताई बोलकी, ही अबोल. ताईने भांडण उकरून काढायचं आणि हिने मागे उभं राहून दोन्ही दप्तरं सांभाळायची, ही वाटणी शाळेतच झालेली.

डोंगरातली जुनी रेल्वे बंद पडली, रूळ उचलून नेले आणि त्या जागी बारीक खडी दाबून सायकलींसाठी वाट केली, तेव्हा दोघी चाळिशीला आल्या होत्या. त्या वाटेवर ना मोटार, ना फटफटी. दोन बोगदे, एक उंच पूल, डोंगर कापून काढलेल्या खिंडी, मधूनच एखादी वस्ती आणि कुंपणापलीकडून बघणारी गुरं. शहरातली माणसं इथे हौसेने सायकल चालवायला येतील, हे ताईने ओळखलं. तिने दुकानातल्या सायकली रंगवल्या, दारावर पाटी लावली आणि सहली सुरू केल्या. ताई पुढे. शेपूट सगळ्यांत मागे, पंप, पाने आणि पंक्चरचं सामान घेऊन. कोणाची चेन उतरली, कोणाला धाप लागली, कोणी फुलांचे फोटो काढत रेंगाळलं, की तिने थांबायचं. आपल्या मागे कोणी राहता कामा नये, एवढंच तिचं काम, आणि ते ती डोळ्यांत तेल घालून करायची.

दोघींचं एकदाच वाजलं. एक गृहस्थ चढावर पडले, गुडघा फुटला. शेपूटने त्यांना धरून, दोन सायकली ढकलत, कसंबसं आणलं, तर ताई बाकीच्यांना घेऊन केव्हाच मुक्कामी पोचून चहा पीत बसलेली.

"तुला मागचं कधी दिसतच नाही," शेपूट म्हणाली.

ताई हसली. "तुझं बरं आहे गं. समोर काय वाढून ठेवलंय ते तुला कधी बघावंच लागत नाही. माझी पाठ असते ना पुढे."

विषय तिथेच मिटला. दुसऱ्या वर्षी, हंगामाच्या तोंडावर, ताई गेली. सकाळी स्वयंपाकघरात ती पाहुण्यांच्या पाण्याच्या बाटल्या भरत होती आणि शेपूट पुढच्या खोलीत एका वाकड्या चाकाचा आऊट काढून ते सरळ करत होती. नळ वाहतोय, बंद होत नाही, एवढंच तिला ऐकू आलं. "ताई, नळ," तिने हाक मारली. पुन्हा मारली. मग वैतागून उठून आत गेली.

ताईची मुलगी शहरातली नोकरी सोडून आली आणि पुढची जागा तिने घेतली. ताईची सायकल टायर काढून भिंतीवरच्या खुंटीला अडकवली. शेपूटच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही, याबद्दल शेजारीपाजारी कुजबुज झाली. ती आपली मागून सायकल चालवत राहिली.

आवाज पहिल्यांदा आला तो दुसऱ्या बोगद्यापुढच्या खिंडीत. तिथे उतार आहे, पायडल मारावं लागत नाही, नुसती मागच्या चाकातल्या फ्रीव्हीलची टिकटिक चालते. शेपूटला आपल्या टिकटिकीमागे आणखी एक ऐकू आली. टिक टिक टिक, मग एक ठोका गाळून, पुन्हा टिक टिक. ताईच्या सायकलीच्या फ्रीव्हीलमधली एक खिट्टी झिजलेली होती आणि ती बदलायची ताईला कधी सवड झाली नव्हती. शेपूटने वळून पाहिलं. ओल्या कातळाच्या दोन भिंती, मधे रिकामी वाट. ती थांबली. मागचा आवाजही थांबला, पण जरा उशिरा, ब्रेक ढिले असलेल्या सायकलीसारखा.

ती मुळात मेकॅनिक. तिने आधी स्वतःची सायकल उघडली, नवी फ्रीव्हील बसवली. आवाज राहिला. भाचीला सांगितलं, तर ती म्हणाली, खिंडीतला प्रतिध्वनी असेल, आणि तरीही तिला कानांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, कान उत्तम आहेत, वयाच्या मानाने जरा जास्तच. शेपूटला प्रतिध्वनी पटत होता, फक्त धड सायकलीचा प्रतिध्वनी ठोका कसा गाळील, एवढं कळत नव्हतं. दर सहलीत ती खिंड आली की तिची मान ताठ व्हायची. वळून बघायचं तिने सोडून दिलं.

मग एका सहलीत एक निवृत्त शिक्षिका आल्या. मुक्कामी सगळे चहाला बसल्यावर त्यांनी शेपूटला विचारलं, "तुमच्या त्या दुसऱ्या बाई अजून आल्या नाहीत?"

भाचीचा कप तोंडाशीच थांबला. शेपूटने शांतपणे विचारलं, कुठल्या बाई. शिक्षिका सांगू लागल्या. बोगद्यात त्यांचा दिवा गेला, म्हणून त्या थांबल्या. शेपूट तेव्हा बोगद्याच्या पलीकडच्या तोंडाशी कोणाची तरी चेन बसवून निघाली होती आणि आत एक माणूस राहिलंय हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"मी घाबरलेच होते," शिक्षिका म्हणाल्या. "मग मागून एक सायकल येऊन थांबली. अंधारात तोंड दिसलं नाही. बोलल्याही नाहीत. पण मी उजेडात येईपर्यंत माझ्या मागेच होत्या."

पुढच्या सहलीत खिंडीतला उतार लागला तेव्हा शेपूटने सगळ्यांना पुढे जाऊ दिलं. मागची टिकटिक सुरू झाल्यावर तिने ब्रेक दाबला, सायकल कडेला घेतली आणि एक पाय खाली टेकला.

"ताई, तू पुढे हो," ती म्हणाली.

आवाज जवळ आला. अगदी शेजारी आला आणि थांबला. पुढे गेला नाही. शेपूटची हँडलवरची बोटं सुटेनात. समोर, उताराच्या टोकाशी, पाहुण्यांच्या पाठी एकेक करून वळणाआड चालल्या होत्या. ती त्यांच्याकडेच बघत राहिली. बाजूला बघायचं धाडस झालं नाही. मग ती म्हणाली,

"मागून असं दिसतं बघ. रोज."

त्यानंतर आवाज आला नाही. त्या दिवशी नाही, पुढच्या सहलीत नाही. शेपूट उतारावर सायकल मुद्दाम हळू घ्यायची, कान मागे लावायची. स्वतःच्या नव्या फ्रीव्हीलची टिकटिक, एकही ठोका न चुकता. एकदा ती खिंडीच्या मधोमध उतरली आणि सायकल कातळाला टेकवून खाली बसली. जे तेव्हा आलं नव्हतं ते सगळं तिथे आलं, हुंदक्यावर हुंदका, आणि कातळाच्या भिंतींनी तो आवाज वर कुठे जाऊही दिला नाही.

मुक्कामी सगळे पोचले, शेपूट पोचली नाही. भाची उलट्या दिशेने परत आली. मावशी खडीवर बसलेली बघून तिने सायकल आडवी टाकली आणि शेजारी बसली. पाण्याची बाटली पुढे केली.

"गेली ती," शेपूट म्हणाली. "मागे नाही आता कोणी."

भाचीने बाटलीचं झाकण लावलं.

"मावशी, तुला सांगणार नव्हते मी. गेल्या दोनतीन सहलींत मला सारखं वाटतं, वळणापलीकडे कोणीतरी पुढे चाललंय. वळण घेतलं की वाट रिकामी. ते पुढच्या वळणापलीकडे गेलेलं."

शेपूटने पदराने नाक पुसलं.

"जोरात जाते?"

"खूप. मी कितीही पायडल मारलं तरी गाठता येत नाही."

"मग तीच," शेपूट म्हणाली आणि गुडघ्यांवर हात टेकून उठली.