कोणाला माणसं मिळत नाहीत?

माझ्या त्या मैत्रिणीला आमच्या घरात सगळ्या इस्त्री म्हणत. फोनवरची मुलाखत असली तरी ही बाई सकाळी उठून सदऱ्याला कडक इस्त्री करायची, केस नीट बांधायची, बूटसुद्धा चढवायची आणि मग पलंगाच्या कडेला ताठ बसून फोन उचलायची.

"अगं, त्यांना कुठे तू दिसतेयस?" मी म्हणायचे.

"मला दिसतेय ना मी," असं तिचं उत्तर.

तिची आई घरी शिवणकाम करायची. इस्त्री फिरवल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हातात कपडा द्यायचा नाही, हा त्या माउलीचा नियम. तो लेकीच्या अंगात पुरता मुरला होता.

परदेशातल्या त्या दोन खोल्यांच्या घरात आम्ही तिघी राहत होतो. इस्त्री पाणीपुरवठ्याचं शिकलेली, म्हणजे धरणापासून नळापर्यंतचं सगळं. मी हिशेब तपासणीचं शिकले होते. तिसरीला आम्ही राणीसाहेब म्हणायचो, कारण चहा तिला जागेवर लागायचा. आमच्या पदव्या हातात पडल्या आणि खरी परीक्षा सुरू झाली. तिथला कायदा साधा होता. शिक्षण संपल्यावर थोडी मुदत मिळायची. तेवढ्यात तुमच्यासाठी सरकारकडे परवाना मागायला तयार असलेला मालक शोधायचा, नाहीतर बाडबिस्तरा गुंडाळायचा.

आम्ही तिघींनी दिसेल त्या कंपनीत अर्ज टाकले. प्रत्येक ठिकाणी एक प्रश्न असायचाच: तुमच्यासाठी परवाना काढावा लागेल का? 'हो' म्हटलं की नकार यायचा, कधी कधी तर चहा गाळून होईपर्यंत.

"'नाही' लिहून टाक ना," राणीसाहेब म्हणाल्या. "एकदा आत शिरलं की बघू पुढचं पुढे."

"ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं?" इस्त्री म्हणाली. तिने 'हो'च लिहिलं, आणि नकारांची रास वाढत गेली.

शेवटी राणीसाहेबांनी दुसऱ्या एका पदवीला नाव घातलं. शिकण्याची हौस म्हणून नव्हे, तर विद्यार्थिनी असेपर्यंत कोणी हाकलत नाही म्हणून. त्यांच्याच ओळखीने आम्ही दोघी एका एजंटकडे गेलो. टायरच्या दुकानावर त्याचं ऑफिस होतं. काचेचं टेबल, मागे जगाचा मोठा नकाशा आणि खोलीभर रबराचा वास. एजंट गोड बोलणारा होता.

"तुम्ही आमच्या कंपनीत नोकरीला आहात असं आम्ही दाखवतो," तो म्हणाला. "पगाराची पावतीसुद्धा मिळेल. काम मात्र काही नाही."

"मग मी दिवसभर करायचं काय?" इस्त्रीने विचारलं.

तो हसला. त्याला वाटलं, ही थट्टा करतेय. "काहीही करा ताई. आराम करा!"

"काम करायला मिळावं म्हणून तर हा सगळा खटाटोप," ती म्हणाली आणि उठली. जिन्यात मी तिला म्हटलं, जरा विचार तरी करायचास. ती म्हणाली, "उद्या कोणी चौकशी केली तर मी काय सांगू? आणि आईला काय सांगू, की मी कुठे काम करते?"

त्यानंतर ती विद्यापीठातल्या नोकरी-मार्गदर्शकाला भेटली. हा थकलेला, जाड भिंगांचा गृहस्थ रोज आमच्यासारख्यांना तेच तेच सांगून कंटाळला होता. अर्ज असा लिहा, तसं हसा. इस्त्रीने त्याला अर्जाबद्दल काही विचारलंच नाही.

"कोणाला माणसं मिळत नाहीत?" तिने विचारलं.

त्याने चष्मा काढून पुसला. असं कोणी विचारत नाही, म्हणाला. मग बराच वेळ डोकं खाजवून त्याने सांगितलं की लांबच्या छोट्या गावांचे पाणीपुरवठा विभाग अभियंत्यांसाठी जाहिराती देऊन थकले आहेत. शिकलेली मुलं शहर सोडत नाहीत.

घरी येऊन तिने फोन लावायला सुरुवात केली. एका गावात फोन विभागप्रमुख बाईंनी स्वतःच उचलला. आवाज खरखरीत, बोलणं तुटक. इस्त्रीने आधीच सांगून टाकलं, "माझी मुदत संपत आलीय. मला घ्यायचं तर तुम्हाला परवान्यासाठी अर्ज करावा लागेल."

"आम्ही असं कधी केलेलं नाही," बाई म्हणाल्या.

"मी सगळे नियम वाचलेत. तुमच्या कारकुनाशेजारी बसून समजावून सांगेन. पण आधी मी कामाची आहे का, ते बघा."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग, "ये तर खरी."

ती गेली. गाव उतारावर वसलेलं, नळ जुने, आणि टाकीतून निघालेल्या पाण्याचा मोठा हिस्सा घरांपर्यंत पोचतच नव्हता. कुठे मुरतं ते कळत नव्हतं. बाईंनी तिला मुलाखतीच्या खोलीत बसवलंच नाही, सरळ रस्त्यावर नेलं. गळती शोधायला लांब लोखंडी सळई जमिनीला टेकवून तिच्या वरच्या टोकाला कान लावतात. पाणी फुटत असेल तर बारीक सूं असा आवाज येतो. इस्त्रीने हे पुस्तकात वाचलं होतं, केलं कधीच नव्हतं. तसं तिने सांगितलंही. तरी कान लावून एका दुकानासमोर ती म्हणाली, "इथे."

खणलं. खड्डा कोरडा ठणठणीत. आवाज दुकानातल्या फ्रीजचा होता.

मजूर पोट धरून हसले. दुकानदार मात्र भडकला, कारण त्याचं दार अडलं होतं. इस्त्रीचा चेहरा कसा झाला असेल ते मी डोळ्यांसमोर आणू शकते. पण ती दुकानदाराकडे गेली, चूक माझी म्हणाली, आणि खड्डा बुजवायला स्वतः फावडं घेतलं. मग त्याला म्हणाली, "तुमचा फ्रीज जरा बंद कराल?" त्याने कुरकुरत बंद केला. तिने पुन्हा कान लावला. दुकानापासून खाली, वळणावर, खरा आवाज सापडला. तिथे खणल्यावर पाण्याने सगळ्यांचे बूट भिजवले.

बाई एवढंच म्हणाल्या, "कारकून दुसऱ्या मजल्यावर बसतो. चल."

अर्ज गेला, पण सरकारी काम ते. निर्णय येण्याआधीच तिची मुदत संपली आणि कायद्याप्रमाणे तिला देश सोडावा लागला. राणीसाहेब रडल्या, मी रडले. ही शांतपणे कपड्यांच्या घड्या घालत होती.

माझंही कुठे जमलं नव्हतं. त्या संध्याकाळी मी तिला विचारलं, आता मी काय करू? ती म्हणाली, "परत जाणं हाही पर्यायच आहे गं. पण तू निवडून जा. ढकललं म्हणून जाऊ नकोस." त्यावर मी बरेच दिवस विचार केला आणि घरी परतले. आज माझं स्वतःचं छोटं ऑफिस आहे, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही.

तिच्या घरी शेजारणींना मात्र विषय मिळाला. "परत आलीस?" जी ती विचारायची.

"हो, आले," ती म्हणायची. त्यापुढे काही नाही. विचारणाऱ्यांचीच पंचाईत.

आईने मशीन थांबवून विचारलं, "नोकरीचं काय झालं मग?"

"नोकरी मिळालीय, परवाना यायचाय. आणि नाहीच आला, तर इथले नळ काय कमी गळतात?"

ती नुसती वाट बघत बसली नाही. तिच्या घराजवळच नळाची कामं घेणाऱ्या एका कंत्राटदाराकडे रुजू झाली. चिखलात उभं राहून नळांचे जोड बसवायला शिकली, प्लंबर मंडळींच्या शिव्या आणि विनोद दोन्ही पचवले. आईने चिखलाचे कपडे पाहून कपाळाला हात लावला, पण डबा रोज भरून दिला. तिकडे उतारावरच्या त्या गावाची समिती बाईंच्या मागे लागली होती की दुसरं कोणी तरी घ्या. बाईंनी दाद दिली नाही. "मी तिला शब्द दिलाय," असं त्यांनी भर सभेत सांगितल्याचं कारकुनाने पुढे इस्त्रीला सांगितलं.

परवाना आला तेव्हा कंत्राटदाराने पगार वाढवून देतो म्हणत तिला थांबवायला बघितलं. ती क्षणभर डळमळली, हे तिनेच मला सांगितलं. घर, आई, ओळखीची माणसं, सगळं इथे होतं. पण कोणीतरी तिच्यासाठी जागा रिकामी ठेवून बसलं होतं. ती गेली.

पहिली दोन वर्षं सोपी नव्हती. एकटेपणा होता, परवान्याचं नूतनीकरण आलं की ती कागदांची चळत पुन्हा पुन्हा तपासायची, आणि नियम मध्येच बदलून नाकी नऊ आणायचे. तरी उतारावरच्या घरांना आता दिवसभर पाणी मिळतं. बाई निवृत्त झाल्यावर विभाग तिच्याकडे आला. तिच्या हाताखाली आता परदेशातून शिकायला आलेली दोन मुलं आहेत, आणि त्यांच्या परवान्याच्या अर्जांसाठी कारकुनाला आता कोणी शेजारी बसून शिकवावं लागत नाही.

गेल्या वर्षी तिला तिथे कायमचं राहण्याची मंजुरी मिळाली. मला ही बातमी कशी कळली म्हणता? तिने फोन केला आणि आधी एका बिघडलेल्या पंपाबद्दल मनसोक्त तक्रार केली. राणीसाहेबांच्या लग्नाला येणार का विचारलं. ठेवता ठेवता म्हणाली, "अगं हो, ते कायमचं राहण्याचं झालं बरं का."

मी इकडे आनंदाने ओरडले, तोवर तिने फोन ठेवलाही होता. पंपाचा माणूस आला होता.