हमीद डॉक्टर आणि घरटी एक माणूस

हमीद डॉक्टर गेल्याचा फोन आला तेव्हा मी शिरूरच्या एसटी स्टँडवर होतो. फोन दौंडहून, त्यांच्या धाकट्या भावाचा. "भाई गेले," एवढंच बोलला. महिना होत आला, पण भेटेल तो अजून विचारतो, "हृदयानंच गेले का हो?" जणू हृदयाच्या डॉक्टरला दुसरं काही व्हायला बंदी आहे. कावीळ झाली होती त्यांना. या प्रश्नाचा मला संताप येतो, आणि मग रडूही येतं.

आमची गाठ पडली नव्वदच्या दशकात. तालुक्यात किती जणांच्या हृदयाचे ठोके अनियमित पडतात, याची पाहणी त्यांनी हाती घेतली होती आणि ईसीजीचं यंत्र सांभाळायला मला सोबत घेतलं होतं. मतदारयादीतून चिठ्ठ्या टाकून नावं काढायची, आणि त्याच माणसांना तपासायचं. पहिलं शिबिर माझ्याच गावात, केंदूरला. डॉक्टरांनी "सखूबाई" असं पुकारलं आणि पुढं आला तिचा पैलवान नातू. "आजी न्हाई आली. मी हाय की." गावाचं काम निघालं की घरटी एक माणूस द्यायचा ही आमची रीत, आणि तो धडधाकटच द्यायचा. दम लागणारं म्हातारं पाठवून गावाची शोभा कोण करून घेईल? दिवसभर यंत्रातून अशा देखण्या पट्ट्या निघाल्या की डॉक्टर हसून बेजार. "या गावात आजारी पडायचं राहूनच गेलंय." मग पट्ट्या बाजूला ठेवून म्हणाले, "जे आले नाहीत, तेच आपल्याला हवेत. उद्यापासून घरोघर जाऊ."

न आलेल्यांत माझे वडीलही होते. आप्पांच्या जागी माझा थोरला भाऊ छाती काढून येऊन गेला होता. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी घरी येऊन आप्पांचं मनगट धरलं, ते कितीतरी वेळ सोडलंच नाही. पट्टीवर ठोके कसेही पडलेले, कधी घाईनं, कधी थबकून. एरवी मस्करी करणारा हा माणूस आप्पांसमोर उकिडवा बसला. "आप्पा, अशा हृदयात रक्ताची गुठळी धरते. ती मेंदूत गेली तर अंग लुळं पडेल. रक्त पातळ ठेवायची गोळी रोज घ्यायची आणि महिन्याच्या महिन्याला शिरूरला रक्त तपासायचं."

"मला कुठं काय दुखतंय?"

"दुखत नाही, म्हणूनच मला भीती वाटते."

"बरं, थोरल्याला धाडतो की रक्त द्यायला."

डॉक्टर भडकलेच. "रक्त तुमचं पाहिजे, आप्पा. लुळं तुमचं अंग पडणार आहे."

पुढं कितीतरी दिवस डॉक्टर वाट वाकडी करून येत, आमच्या ओट्यावर चहा पीत आणि आप्पांशी भांडत. शेवटी आप्पाच कंटाळले. "ह्यांचं त्वांड बंद व्हावं म्हणून येतो," असं म्हणत धुतलेलं धोतर नेसून डॉक्टरांच्या जीपमध्ये बसले ते बसलेच. मग वर्षानुवर्षं तोच शिरस्ता. लॅबमध्ये रक्त द्यायचं, कागद घेऊन शेजारीच डॉक्टरांच्या दवाखान्यात जायचं, गोळी कमीजास्त करून घ्यायची आणि तासभर आपल्या मेंढरांच्या गप्पा हाणायच्या. बाहेर पेशंट ताटकळत असायचे! डॉक्टरांची पाहणी पुढं कुठंकुठं छापून आली, मोठ्या लोकांनी वाखाणली. मला त्यातलं फार कळत नाही. माझे आप्पा आज स्वतःच्या पायांवर चालतात, एवढं मला कळतं.

परवा त्यांना रक्त तपासायला नेलं. कागद हातात पडला आणि पाय सवयीनं शेजारी वळले. दवाखान्याचं शटर ओढलेलं होतं. आप्पांनी चष्मा लावून कागद उलटा-सुलटा पाहिला.

"आता ह्यो कुणाला दावायचा रं?"

"दुसरे डॉक्टर बघू, आप्पा."

"बघू की," म्हणाले... आणि गुडघ्यावर हात टेकत खाली वाकून त्यांनी तो कागद शटरखालून आत सरकवला.