पडद्यामागचा खोकला

अर्कवालीने आपल्या मेलेल्या नवऱ्याला बाटलीत भरून ठेवलंय, अशी आमच्या गल्लीत कुजबुज होती. सगळा नवरा नव्हे, फक्त त्याचा खोकला. माणूस जाऊन वर्षं लोटली, तरी दुकान बंद व्हायच्या सुमाराला मागच्या खोलीतून तो खोकायचा. आधी एक बारीकसा, घसा साफ केल्यासारखा. मग जरा थांबून दोन लागोपाठ, दणदणीत. ऐकणारे एकदोन नव्हते. मीही ऐकला, आणि पैसे देऊन घेतलेली बाटली काउंटरवरच ठेवून घर गाठलं.

दुकान काही भुताखेताचं दिसायचं नाही. पुढे काउंटर, फळ्यांवर दुःखावरच्या फुलांच्या अर्काच्या निळ्या बाटल्या, मग एक पडदा, त्यामागे खोली आणि गच्चीवर जाणारा जिना. गच्चीवर काचेच्या वाडग्यांत पाण्यावर फुलं तरंगत असायची. फूल बोटांनी खुडायचं नाही, त्याच झाडाच्या पानात धरून खुडायचं, नाहीतर खुडणाऱ्याचं दुःख पाण्यात उतरतं, असा तिचा नियम. ऊन कललं की पाणी गाळायचं आणि टिकावं म्हणून त्यात तेवढीच ब्रँडी ओतायची.

त्या ब्रँडीवरून शेजारचा शिंपी तिला छळायचा.

"वहिनी, फुलांना कशाला त्रास देता? नुसती ब्रँडी विका. दुःख त्यानेच हलकं होतं."

"मग तुम्ही रोज घेऊनही असे रडके कसे, भावोजी?"

गिऱ्हाईक आलं की तिचा एकच प्रश्न. रडू सकाळी येतं की संध्याकाळी? सकाळवाल्यांना गुलाब, संध्याकाळवाल्यांना जाई. ज्यांना रडूच येत नाही त्यांना लिंबाच्या वासाचा कसलासा पाला, उकळून प्यायला. "आधी रडा, मग या." प्रेमभंग झालेल्यांना ती बसवून पोटभर खायला घालायची. निम्मे तिथेच बरे व्हायचे आणि उरलेले दुसऱ्या कोणावर तरी जीव टाकून मोकळे व्हायचे. तिने स्वतः मात्र कधी एक थेंब जिभेवर ठेवलेला कोणी पाहिला नाही.

तिच्याकडे एकदा पोस्टात तिकिटं विकणारी बाई आली. एरवी इतकी फटकळ की लोक सुटे पैसे घरून मोजून न्यायचे. नवरा गेला आणि तिचं तोंड मिटलं. पण तिचा त्रास जगावेगळा होता. रोज सकाळी न्हाणीघराचं दार उघडलं की नवऱ्याच्या दाढीच्या साबणाचा वास यायचा. साबण, ब्रश, वस्तरा, सगळं तिने कधीच दिराला देऊन टाकलं होतं. भिंती घासल्या, खिडकी सताड उघडी ठेवली, तरी वास जाईना. आत्ताच कोणीतरी तोंड पुसून बाहेर गेल्यासारखा ताजा. आरशात बघायचं तिने सोडलं होतं. न जाणो, आपल्या खांद्यामागे कोण दिसेल.

"वास जायला हवाय ना? नक्की?" अर्कवालीने विचारलं.

"नक्की. मी नोकरी करू की त्यांना हुंगत बसू?"

गुलाब दिला. काही दिवसांत वास गेला.

आणि एका संध्याकाळी, दुकान आवरायच्या वेळेला, बाई परत आली. पुढचं तिनेच माझ्या बायकोला सांगितलं, आणि माझ्या बायकोला सांगणं म्हणजे गल्लीत दवंडी पिटणंच.

तिने बाटली काउंटरवर आपटली. "ही घ्या परत."

"गुण नाही आला?"

"आला ना. आज सकाळी दार उघडलं, तर नुसतं न्हाणीघर. भीती नाही, काही नाही. आता ते कुठेच नाहीत, काकू. उलट्या गुणाचं काहीतरी द्या."

"तसलं नसतं माझ्याकडे."

"मग तुमचे कसे राहिले? सगळी गल्ली ऐकते. स्वतःचा जपलात आणि माझा घालवलात."

भिंतीपलीकडे शिंप्याचं मशीन थांबलं. तोही श्वास धरून ऐकत असणार. मग अर्कवालीने पडदा बाजूला केला. "या आत."

आत उजेड जवळजवळ नव्हता. एक खाट, वाळत घातलेल्या पाकळ्या आणि जिन्याकडे पाठ केलेली वेताची खुर्ची. खुर्चीच्या पाठीवर पुरुषाचा स्वेटर, कोपरांना ठिगळ लावलेला. खुर्चीतल्या गादीला मधोमध खळगा होता, तो अजून भरला नव्हता. पोस्टातली बाई खाटेची कड धरून बसली. तिच्या अंगावर सरसरून काटा आला, पण ती उठली नाही.

"पुरे आता, दुकान बंद कर, असं ते कधी तोंडाने म्हणाले नाहीत," अर्कवाली हळू आवाजात म्हणाली. "त्या खुर्चीतून खोकायचे. मी म्हणायची, आले हो. ते गेले आणि मला दुकान बंदच करता येईना. उघड्या दारात बसून राहायची. कोणी सांगतच नव्हतं."

एवढं बोलून ती खुर्चीमागे जाऊन उभी राहिली आणि तिने दोन्ही हात त्या स्वेटरवर ठेवले.

थोड्या वेळाने पोस्टातली बाहेर पडली ती घरी न जाता थेट दिराकडे. ब्रश आणि साबण परत मागितला. दीर म्हणाला, "वहिनी, मी रोज वापरतोय तो." "दुसरा घ्या," ती म्हणाली. आता रोज सकाळी ती मगात फेस करते, जरा वेळ आरशापुढे ठेवते, धुऊन टाकते आणि कामाला जाते. तिकिटाच्या खिडकीवर पुन्हा लोकांना बोलणी बसू लागली आहेत.

अर्कवालीच्या मागच्या खोलीत कोणी नव्हतं आणि बाटलीत फुलांचं पाणी नि ब्रँडी, एवढंच होतं. नवरा गेल्यापासून रोज संध्याकाळी ती पडद्यामागे जाऊन स्वतःच त्याच्यासारखं खोकायची, आणि मग दुकान बंद करायची.