सीटखालचा स्पीकर

माझा थोरला भाऊ ट्रक चालवायचा. सांगलीची द्राक्षं साताऱ्याला नेऊन टाकायची, हे त्याचं काम. एकदा साताऱ्यात मालकाच्या आवारात माल उतरवताना पेट्यांची थप्पी त्याच्या उजव्या पावलावर कोसळली. हाडं जुळली, पण तळव्याची जाणीव काही परत आली नाही. मालक मोसंबी घेऊन भेटायला आला आणि त्याच आठवड्यात दादाच्या ट्रकवर त्यानं दुसरा ड्रायव्हर बसवला. माणूस मोडला की बदलायचा, टायरसारखा.

मी तेव्हा कामगारांची पत्रकं लिहायचो. एक पत्रक त्या मालकाच्या फाटकावरच चिकटवलं. तेव्हा कुठं दादाला निरोप आला: पुढच्या महिन्यात ये, आवारात गाडी चालवून दाखव, जमलं तर ठेवतो.

सराव करायला ट्रक कोण देणार? नव्वदीचं दशक सरत आलं होतं. सांगलीत माझा एक मित्र कॉम्प्युटरचा क्लास चालवायचा. शर्यतीच्या खेळासाठी त्यानं स्टिअरिंग आणि पेडलं मागवली होती. दादाला तिथं बसवलं, पण पेडल किती दाबलंय हे पावलाला कळेना. मित्र म्हणाला, पाय सांगत नाही ना, मग बुडाला सांगू.

भंगारातून ट्रकची सीट आणली. जयंतीच्या मिरवणुकीतला मोठा स्पीकर खोक्यातून काढला आणि सीटच्या तळाला बोल्टनं आवळला. खेळातला आवाज अॅम्प्लिफायरमधून त्यात सोडला. इंजिन घुमलं की सीट थरथरायची.

दादा बसला, उठला. "चक्कीवर बसल्यागत हाय. समदं एकच."

मग आम्ही हात धुऊन मागं लागलो. थरथर फरशीत जिरत होती, म्हणून सीटच्या पायांखाली टायरच्या ट्यूबचे तुकडे घातले. खेळात इंजिनाचा आणि टायर घासल्याचा आवाज वेगवेगळा कमी-जास्त करता यायचा. इंजिन बारीक केलं, टायर वाढवला. कळतंय का, असं दर वेळी विचारायचो. दादा मान हलवायचा, थोडं आणखी. आम्ही आणखी वाढवायचो. पत्रकातही माझी तीच रीत: ऐकलं नाही तर पुढचं पत्रक आणखी ठळक अक्षरात. समोरच्याला ऐकायला येतंय ते खरंच आहे का, हे कधी तपासलंच नव्हतं.

शेवटी ब्रेक जरा जास्त दाबला की टायर घासायचे आणि सीट कमरेत ढुसणी द्यायची. दादा पडद्यावरच्या रेघेवर चाकं अचूक थांबवू लागला. घरी वहिनीला म्हणाला, माझा खाकी शर्ट काढून ठेव. तो शर्ट मी बघितला, इस्त्री केलेला.

साताऱ्याला मीही गेलो. मालकानं चुन्याची रेघ मारून ठेवली होती. पलीकडं रिकाम्या खोक्यांचा ढीग. दादानं ट्रक सुरू केला आणि सगळाच ट्रक थरथरू लागला, सीट, दार, आरसा, सगळं एकदम. त्यातून ब्रेकची खबर कशी यावी? दादा ढुसणीची वाट बघत राहिला. ट्रक रेघ ओलांडून खोक्यांत घुसला.

लागलं कुणालाच नाही. मालक काही बोलायच्या आत दादा खाली उतरला आणि किल्ली त्याच्या हातात ठेवली. मी भांडायला पुढं झालो, पायाचा अपघात तुमच्याच आवारातला, वगैरे. सगळं खरं होतं. दादानं माझं मनगट धरलं. "ऱ्हाऊ दे गड्या."

परतीच्या एसटीत कऱ्हाड मागं पडलं. मग दादा खिडकीबाहेर बघतच म्हणाला, "असली ढुसणी कुठल्याच ट्रकात नसती. मला ठावं होतं. पर तुमी वाढवत गेला, आन् मला गोड लागत गेलं."



दुसऱ्या दिवशी बोल्ट त्यानंच सोडवले. स्पीकर खोक्यात बसवताना त्यावर तळहात ठेवून तो जरा वेळ थांबला. खरं तर तेव्हा स्पीकर बंद होता.