हौदाच्या भेगेजवळची ओल

आमच्या भागात फवारणीवाले चार, पण बागवाले आधी माझ्या मामाला बोलवायचे. मामा भारी काटेकोर. औषध मापाने ओतणार, वारा बघणार, तोंडाला फडकं बांधल्याशिवाय पंप पाठीवर घेणार नाही. मी बागेशेजारी मधमाश्यांच्या चौदा पेट्या मांडल्यापासून तर दिवस कलल्याशिवाय फवारायचाच नाही. "तुझ्या माश्या घरी आल्या का गं?" असं आधी विचारून घ्यायचा. बाकीचे तिघे त्याला हसायचे. हसोत बापडे.

त्याच्या खोलीला नळ नव्हता, म्हणून पंप आमच्या अंगणात धुवायचा. एकदा त्या वासाने आईचं डोकं उठलं आणि मी मामावर खेकसले, "इथे नको धूत जाऊस. मागच्या हौदावर ने." मामा काहीतरी सांगू बघत होता. मी ऐकायला थांबलेच नाही.

हौदाला भेग होती. तिथली जमीन कायम ओली, आणि माझ्या माश्या त्याच ओलीवर पाणी प्यायला बसायच्या. हे मी रोज बघत होते. तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

पंधरा दिवसांत पेट्या हलक्या झाल्या. मेलेल्या माश्यांचा खच पडला असता तर निदान लवकर कळलं असतं. बाहेर गेलेल्या माश्या परतच येईनात. आल्या त्या दारापाशी घुटमळायच्या, आत जायचं विसरल्यासारख्या. अकरा पेट्यांत राणी आणि मूठभर माश्या उरल्या. अळ्यांना भरवायला कुणी नाही.

बागवाले जमले. मामाने ती ओल पाहिली आणि म्हणाला, "पंप मी इथे धुतला. चूक माझी." त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. मीही तोंडातून ब्र काढला नाही. पुढच्या हंगामात त्याला एकानेही बोलावलं नाही.

वर्षाने त्याच्या खोलीवर गेले. तो पंप पुसून विकायला काढत होता.

"मामा, हौदावर मीच पाठवलं होतं तुला."

"अगं, तीस वर्षं औषध हाताळलंय मी. कळायला मला हवं होतं."

"बागवाल्यांना सांगू का?"

"कशाला आता?"

दोष त्याने पुन्हा स्वतःकडे घेतला आणि मला चक्क हायसं वाटलं. तसं वाटल्याची लाज अजून जात नाही. मी दुसऱ्यांदा विचारलं नाही.