टोपावरचं नाव

सुलूकाकूंना आनंद झाला की त्या आधी पदर खोचत. बातमी नंतर. पदर असा घट्ट खोचून येत, की आता ह्या विहीर खणायला घेतात की काय असं वाटावं. मग दारातच उभ्या राहून इतकं हसत, की काय झालंय ते कळायलाच वेळ लागे. मी मूळची पेणची. लग्न होऊन रोह्याला त्यांच्या शेजारी राहायला आले, तेव्हा पहिल्याच दिवशी त्या अशा येऊन उभ्या राहिल्या. मी घाबरलेच. बातमी एवढीच होती, की नळाला पाणी आलंय.

नवरा ऐन उमेदीत गेलेला, मूलबाळ नाही, आणि राहायला धाकट्या दिराच्या घरातली मागची खोली. दिराला आम्ही सगळेच बाळाभाऊजी म्हणत असू. माणूस वाईट नव्हता, पण घरातलं सगळं काम काकू करत आणि सगळे निर्णय भाऊजी घेत. अशी ती वाटणी. लग्नाचं बोलावणं आलं तर तेही भाऊजींच्या नावाने. काकू जात, पण मांडवात बसत नसत. थेट मागे, आचाऱ्यांकडे.

"नवरानवरी काय, सगळेच बघतात गो," त्या म्हणत. "मी लग्न भाताकडनं बघते."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसले होते. पुढे कळलं, की विधवा बाईने पुढे बसू नये म्हणून लोकांनीच त्यांना भाताकडे पाठवलं होतं. मग हसू आलं नाही. संताप आला, आणि तो अजून आहे.

कोकण रेल्वेची गाडी रोह्याच्या पुढे धावायला लागली, त्या सुमाराची ही गोष्ट. काकूंचं माहेर पेणच्या खारेपाटातलं. वडिलांचा तिथल्या मिठागरात वाटा होता. वडील गेले आणि तो वाटा विकला गेला. आमच्याकडे अशा वेळी बहिणीला बोलावणं येतं. ती जाते, हक्कसोडपत्रावर अंगठा नाहीतर सही करते, भाऊ साडी नेसवतो, ती परत येते. काकूही साडीच्या तयारीत होत्या. पण त्यांचा भाऊ स्वतःच रोह्याला आला आणि त्यांच्या ओटीत पैसे ठेवून म्हणाला, "बापूस सांगून गेलाय. पोरीचा वाटा पोरीला."

फार नव्हते. त्यात पेणला खोली आली नसती, आणि टीव्ही घेतला असता तर संपलेही नसते. पण काकू धावत आल्या त्या कुबेराला भेटून आल्यासारख्या. "गो, माज्याकडं पैसं हायत! माजं सोताचं!"

मग काय, गुळाला मुंगळे. कुणी म्हणालं सोनं घ्या, कुणी म्हणालं कोलाडला रस्त्यालगत गुंठाभर जागा बघा. बाळाभाऊजींनी कुठूनसं सागवानाच्या योजनेचं रंगीत पत्रक आणलं. आपण पैसे द्यायचे, ते झाडं लावणार, वीस वर्षांनी नुसती चांदी. ते इतके रंगून सांगत होते, की ओसरीत सागाचं बन उभं राहिलं.

"वीस वर्षांनी मी कुठं हाय, भाऊजी?" काकू म्हणाल्या. "माज्या सरणाला सागवान घालताव काय?"

भाऊजी चिडले. "वहिनी, पैसा गुंतवायला शिका."

तो शब्द काकूंना फारच लागला. दुपारी माझ्याकडे येऊन म्हणाल्या, "केस गुंततात ते म्हायती हाय. पैसं गुंतलं तर मग सोडवायचं कुनी गो?"

आठवडाभरात आळीत एक लग्न निघालं. लग्नसराई दाटलेली, त्यामुळे मोठी भांडी मिळेनात. आली ती उशिरा, आणि त्यातल्या एका टोपाला भोक. वरण चुलीत गेलं. आचारी एकीकडे बोंबलतोय, वधूपिता दुसरीकडे. दुसऱ्या दिवशी सकाळी काकू आमच्या दारात हजर.

"टोप घेते!"

"घ्या की. केवढा?"

"एक नाय गो! लग्नातलं! टोप, पराती, झारे, पिंपं, सगळं! भाड्यानं द्यायचं! या रोह्यात कुनाचा भात माज्याबिगर शिजायचा नाय!"

मला इतका हुरूप चढला, की मीच पदर खोचून टाकला. आम्ही दोघींनी स्वयंपाकघरात बसून सबंध तालुक्याची लग्नं लावून टाकली.

भाऊजी मात्र कपाळाला हात लावून बसले. "आपल्या घराण्यात भांडी भाड्याने द्यायची? लोक काय म्हणतील?"

"म्हंतील, भात कमी नाय पडला."

शेवटी भाऊजी राजी झाले, पण एका अटीवर. भांड्यांवर त्यांच्या थोरल्या भावाचं, म्हणजे काकूंच्या यजमानांचं नाव घालायचं. कैलासवासी अमुक यांच्या स्मरणार्थ. म्हणजे घराण्याची शोभाही राहील. काकू नुसतं "बघू" म्हणाल्या. मागची खोली भाऊजींची होती. हे कुणी बोलून दाखवलं नाही, दाखवायची गरजही नव्हती.

पेण म्हणजे माझं माहेर, त्यामुळे खरेदीला मी बरोबर. एसटीत काकू आनंदाने कंडक्टरलासुद्धा सांगत होत्या, "टोप आनायला चाललोय!" बाजारपेठेत जर्मनचे, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचे, टोप रांगेने मांडलेले. त्यांनी एकेक वाजवून पाहिला, त्यातल्या मोठ्यात जवळजवळ उतरल्याच, आणि दुकानदाराला घाम फुटेपर्यंत घासाघीस केली. भांडी ठरली. दुकानदाराने नाव घालायचं यंत्र हातात घेतलं आणि विचारलं, "नाव सांगा."

काकूंनी खोचलेला पदर सोडला. मग हळूच म्हणाल्या, "हौसा."

मी ऐकतच राहिले. "हौसा कोण हो काकू?"

"मी गो. सासरी चुलतसासूचं नाव हौसाच होतं. एका घरात दोन हौसा नको, म्हनून तांदळात लिवून मला सुलोचना केली. बापूस तेवढा हौसा म्हनायचा. तो बी गेला. त्यानं वाटा दिला तो हौसाला, सुलोचनेला त्यानं कवा वळखलंच नाय."

दुकानदाराचं यंत्र घुर्र करायला लागलं होतं. त्याने सवयीने विचारलं, "पुढे कैलासवासी लावू ना?"

"नाय! जित्ती हाय!" काकू ओरडल्या.

टेम्पो दारात आला आणि बाळाभाऊजींनी पहिलाच टोप उलटा करून पाहिला. चेहरा लालबुंद. "ही हौसा कोण?"

"मी."

"दादाचं नाव घालायचं ठरलं होतं! हे घासून निघेल का?"

"घासा की. आनखी चकाकंल."

यातला एकही टोप आपल्या उंबऱ्याच्या आत येणार नाही, असं भाऊजींनी जाहीर केलं आणि वहिनीशी अबोला धरला. टोप आमच्या पडवीत आले. आमचे हे घरात शिरताना आडवे होऊन शिरत. मला झोप लागेना. उद्या भाऊजींनी खोली सोडा म्हटलं तर ही बाई जाणार कुठे? तसं मी विचारलंही. "ऱ्हाऊ दिली तर ऱ्हाईन," काकू म्हणाल्या, "नाय तर एवढं टोप हायत, कुठल्याबी एकात झोपंन." आणि स्वतःच हसत सुटल्या. डोळे मात्र हसत नव्हते.

काकूंना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्या शेवटपर्यंत त्याच मागच्या खोलीत राहिल्या. भाऊजींचा राग कसा आणि कधी गेला, हे मी पैजेवर सांगू शकते, कारण तो जाताना मी पाहिला.

कोलाडच्या वाटेवरच्या एका वाडीतलं लग्न. टोपांचं ते पहिलंच भाडं. मांडववाल्याचीही थोडी भांडी होती, त्यामुळे आचारी आमच्या भांड्यांना नुसतं 'हौसा' म्हणू लागला होता. मोठी हौसा, धाकटी हौसा. यजमानांनी काकूंना भांड्यांची मालकीण म्हणून हाताला धरून पुढच्या खुर्चीवर बसवलं. त्या अंग चोरून बसल्या होत्या. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला बाळाभाऊजी, बोलावणं त्यांच्याच नावाने म्हणून आलेले, तोंड फिरवून. अंतरपाट धरला गेला, भटजींनी सूर लावला, आणि मागून आचाऱ्याचा खणखणीत आवाज आला.

"हौसा! अरे हौसा कुठाय? हौसाला आणा पुढं!"

"ओ! आले!" काकू ताडकन उभ्या राहिल्या.

भटजी थांबले. नवरानवरी अंतरपाटाच्या वरून बघायला लागली. आचारी झारा घेऊन धावत आला आणि ओशाळून म्हणाला, "काकू, तुमी नाय. टोप."

मांडव हास्याने फुटला. बाळाभाऊजी तर पोट धरून हसत होते. इतक्या दिवसांत ते पहिल्यांदा वहिनीकडे बघत होते. काकू लाजल्या, पण बसल्या नाहीत.

"टोप तर टोप," त्या म्हणाल्या. "नाव तर माजंच हाय ना!"

भटजींनी मंगलाष्टक पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. 'सावधान' झालं, आणि मुठीतल्या सगळ्या अक्षता मी काकूंवर टाकल्या.